जबानी होती, जाब नव्हता

वळिवड्याच्या स्टेशनात मी पहिल्यांदा उतरलो तो लग्नाच्या बस्त्यासाठी. चुलतभावाची सोयरीक इचलकरंजीत झाली होती, आणि तिकडच्या लोकांचा बस्ता म्हणजे गांधीनगर. कोल्हापूरहून मिरजेकडे निघालेली पॅसेंजर गूळ मार्केट मागे टाकून थोड्याच वेळात तिथे थांबते. कापडाचे गठ्ठे, टेम्पो, हमालांचं ओरडणं, आणि सिंधी दुकानदारांचं अस्सल कोल्हापुरी वळणाचं मराठी. साड्यांच्या घड्या उलगडणाऱ्या म्हाताऱ्या मालकाला सहज विचारलं, तुम्ही मंडळी इथे कशी आलात? ते म्हणाले, फाळणीनंतर आम्हाला इथे कॅम्पात आणलं. कॅम्प तयारच होता. आमच्या आधी त्यात पोलंडची बायका-पोरं राहायची.

मी हिंगोली जिल्ह्यातला, कळमनुरी तालुक्यातला. कॅम्प हा शब्द आमच्या घरात नवा नव्हता. रझाकाराच्या वेळेला पैनगंगेच्या अलीकडे निजामाचं राज्य होतं आणि पलीकडे वऱ्हाड. १९४८ साली अलीकडची कितीतरी घरं रातोरात नदी ओलांडून उमरखेडच्या बाजूला गेली. आमची आजी त्यातल्याच एका बैलगाडीत होती. तिच्या सांगण्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा यायची. नदीच्या अलीकडे गाडी थांबवून अंधारात एकेकाच्या डोक्याला हात लावून पोरं मोजली, आणि पलीकडे चढल्यावर पुन्हा मोजली. घरात धान्य किती राहिलं, दागिना कुठे पुरला, हे तिला नीट आठवत नसे. पोरं मोजलेली आठवायची.

म्हणून वळिवड्याच्या त्या बायका-पोरांचा माग काढायचं डोक्यात बसलं. मोजलेली पोरं त्यांच्यापैकी कितीजणींना पलीकडे आणता आली, हे मला पाहायचं होतं.

१ सप्टेंबर १९३९ ला जर्मनी पश्चिमेकडून पोलंडवर चालून गेला. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौज शिरली. दोघांनी आधीच गुप्त करार करून देश वाटून घेतला होता. पूर्वेकडचा निम्मा भाग स्टालिनच्या ताब्यात आला, आणि तिथली माणसं नको असतील तर उचलून दूर नेऊन टाकायची हे ठरलं. पहिली मोठी उचल १० फेब्रुवारी १९४० ला झाली. जमिनी मिळालेले माजी सैनिक, वनखात्याचे नोकर आणि त्यांची कुटुंबं मिळून सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली. दुसरी १३ एप्रिलला. त्यात पुरुष जवळजवळ नव्हतेच, कारण ते आधीच तुरुंगात होते किंवा त्याच दिवसांत कातिनच्या जंगलात आणि इतर ठिकाणी गोळ्या घालून मारले जात होते. त्यांच्या बायका, म्हातारे आणि मुलं कझाकस्तानच्या माळावर पाठवली गेली. तिसरी त्याच वर्षी जूनअखेरीस, चौथी १९४१ च्या मे-जूनमध्ये. सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या स्वतःच्या कागदांत या चार फेऱ्यांचा आकडा सव्वातीन लाखांच्या आसपास येतो. परदेशी गेलेल्या पोलिश सरकारचा अंदाज दहा लाखांच्या घरातला होता.

पद्धत सगळीकडे जवळपास एकच. फेब्रुवारीची पहिली उचल घ्या. पहाटेपूर्वी दारावर बंदुकीच्या दस्त्याचे ठोके. घरात शिरलेला अधिकारी कागद वाचून दाखवी, अर्धा-एक तास देई. आई गोंधळून काहीतरी भलतंच गाठोड्यात भरी. मग घसरगाडीवरून स्टेशन आणि मालगाडीचा डबा. मधोमध लोखंडी शेगडी, कोपऱ्यात फळीला पाडलेलं भोक, तेच संडास. बाहेर उणे तीस-चाळीस अंश. दोन-तीन आठवड्यांचा प्रवास. वाटेत तान्ही मुलं आणि म्हातारी माणसं मेली तर डब्याचं दार उघडून बर्फात ठेवायची, गाडी पुढे. पोचल्यावर जंगलतोड. काम भरलं तेवढाच पाव. न भरणाऱ्याला, म्हणजे मुलाला आणि आजाऱ्याला, त्याहून कमी.

हिटलर जून १९४१ मध्ये रशियावर उलटला तेव्हा स्टालिनला पोलंड आठवला. ३० जुलैला लंडनमध्ये करार झाला आणि पाठोपाठ 'माफी' जाहीर झाली. शब्दच पाहा. ज्यांनी कसलाही गुन्हा केला नव्हता त्यांना माफी. ती कानावर आली तशी माणसं छावण्या सोडून उबेच्या आशेने दक्षिणेकडे, उझबेकिस्तानकडे सुटली, कारण तिथे जनरल आंदर्स यांची पोलिश फौज उभी राहत होती. ऊब मिळाली, पण पाठोपाठ टायफस आणि हगवणही आली. फौजेने मुलांसाठी अनाथालयं उघडली होती. तिथे मुलाला रोज काहीतरी शिजलेलं मिळे. म्हणून कित्येक आयांनी आपली धडधाकट, आई जिवंत असलेली मुलं दारात आणून 'अनाथ' म्हणून सोडली आणि मागे वळल्या. वळिवड्याच्या आणि नवानगर संस्थानातल्या बालाचडी छावणीच्या नोंदींत अनाथ म्हणून आलेल्या मुलांपैकी काहींची आई कुठेतरी जिवंत होती, ती अशी.

१९४२ मध्ये कास्पियन समुद्रावरून इराणच्या पहलवी बंदरात साधारण १ लाख १५ हजार माणसं उतरली. त्यांत मुलं सुमारे १८ हजार. त्याआधीच मुलांची एक तुकडी अश्गाबादहून ट्रकने मशहद, झाहेदान, क्वेट्टा अशा वाटेने हिंदुस्थानात निघाली आणि एप्रिल १९४२ मध्ये मुंबईत वांद्र्याला पोचली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी आपल्या बालाचडीच्या जागेत त्यांच्यासाठी घरं बांधून घेतली आणि मला बापू म्हणा असं सांगितलं, ही गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत आहे. मुंबईतले पोलिश वकील यूजेनिउश बनासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा यांनी या सगळ्यासाठी जिवाचं रान केलं. किराबाई पुढे इथेच राहिल्या. त्यांचं उरलेलं आयुष्य हैदराबादेत, म्हणजे आमच्या जुन्या राजधानीत गेलं आणि २००२ मध्ये शंभरी ओलांडून त्या तिथेच वारल्या.

वळिवड्याची वस्ती १९४३ ची. बालाचडी मुलांची होती, तर वळिवडे हे अख्खं गावच. कोल्हापूर संस्थानातली, पंचगंगेजवळची जागा. कराचीमार्गे गाड्या भरभरून माणसं आली. संख्या पाच हजारांच्या घरात, त्यातही बायका आणि मुलंच फार. पुरुष आंदर्स यांच्या फौजेत होते आणि पुढे इटलीत मॉन्ते कासिनोला लढले. ओळीने कौलारू बराकी, पुढे पडवी, प्रत्येक कुटुंबाला स्वतःच्या खोल्या आणि चूल. स्वतःची चूल ही गोष्ट त्या बायकांना तीन-चार वर्षांनी मिळत होती. त्यांनी दारापुढे फुलझाडं लावली. चर्च झालं, दवाखाना झाला, पोस्ट, नाटकाचं सभागृह, आणि सगळ्यात आधी शाळा. फळ्यावर पोलिश भूगोल शिकवला जाई. ज्या नद्या आणि शहरं मुलांना पाठ करायला लावत होते, ती नकाशावर कोणाच्या रंगात जाणार हे त्या वेळी शिकवणाऱ्या बाईंनाही ठाऊक नव्हतं. स्काउटची पथकं पन्हाळ्यापर्यंत जाऊ लागली. छातीचा विकार जडू पाहणारी मुलं पाचगणीच्या हवेत पाठवली जात. आसपासच्या गावचे भाजीवाले, दूधवाले पोलिश भाषेत भाव करायला शिकले.

वांदा दिनोव्स्का नावाच्या एक पोलिश विदुषी वळिवड्याला येत. गांधींच्या सहवासाने त्यांचं नाव उमादेवी पडलं होतं. १९४४ मध्ये त्यांनी मॉरिस फ्रीडमन यांच्याबरोबर भारतीय-पोलिश ग्रंथालय सुरू केलं. हे तेच फ्रीडमन, ज्यांचा औंध संस्थानातल्या स्वराज्याच्या प्रयोगात मोठा वाटा होता आणि ज्यांनी पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांचे संवाद इंग्रजीत आणले. सांगायचं ते इतकंच, की पोलंड महाराष्ट्राला वाटतो तितका परका नव्हता.

वळिवड्यातल्या बायकांची चूल पेटली, मुलांची शाळा भरली, पण ज्याने उचलून नेलं त्याच्याकडे बोट कोणी दाखवायचं?

पुरावा नव्हता असं अजिबात नाही. आंदर्स यांच्या फौजेने १९४२-४३ मध्ये एक फार शहाणं काम केलं. रशियातून बाहेर पडलेल्या हजारो माणसांच्या जबान्या लिहून घेतल्या. मध्यपूर्वेतल्या पोलिश शाळांतल्या मुलांनाही वहीत लिहायला सांगितलं, तुमच्याबाबत काय झालं ते. मुलांनी लिहिलं. शुद्धलेखनाच्या चुकांसकट, लहान लहान वाक्यांत. किती वाजता आले, काय घेऊ दिलं, डब्यात किती माणसं होती, पाव किती ग्रॅम मिळे, भाऊ कोणत्या महिन्यात मेला. मोठी माणसं लिहिताना रागावतात. मुलं मोजतात. त्या वह्या आज कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्डच्या हूव्हर संस्थेत आहेत. त्यांतल्या शंभरावर जबान्या १९८१ मध्ये इंग्रजी पुस्तक होऊन निघाल्या. पण १९४३ मध्ये त्या ऐकायच्या कुणी? ब्रिटन आणि अमेरिकेला स्टालिनची फौज हवी होती.

आणि स्टालिन स्वस्थ बसला नव्हता. १६ जानेवारी १९४३ च्या पत्राने त्याने कळवलं की पूर्व पोलंडातले जे लोक अजून रशियात आहेत ते सगळे सोव्हिएत नागरिक. म्हणजे ज्या मुलाला आधी घरातून नेलं, त्याला आता कागदावर आपलंच करून घेतलं. एप्रिलमध्ये कातिनची थडगी उघडी पडली, पोलिश सरकारने रेड क्रॉसची चौकशी मागितली, आणि मॉस्कोने संबंध तोडले. मागे राहिलेल्यांची दारं बंद.

१९४५ च्या उन्हाळ्यातल्या दोन तारखा शेजारी ठेवून पाहिल्या की माझ्या पोटात कालवतं. ५ जुलैला ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सातल्या, मॉस्कोने बसवलेल्या सरकारला दिली. वळिवड्याचा खर्च, तिथले शिक्षक, त्यांची कागदपत्रं हे सगळं त्या लंडनच्या सरकारच्या नावावर होतं. वळिवड्याची माणसं एका दिवसात कोणाचीच राहिली नाहीत. त्यानंतर पाच आठवड्यांच्या आत, ८ ऑगस्टला, त्याच लंडनमध्ये चार विजेत्या राष्ट्रांनी न्युरेंबर्ग न्यायालयाच्या सनदेवर सह्या केल्या. नागरी लोकांना हद्दपार करणं हा त्यात युद्धगुन्हा ठरला, मानवतेविरुद्धचा गुन्हाही ठरला. सही करणाऱ्या चौघांत सोव्हिएत संघ होता. त्याचा न्यायाधीशही मग त्या न्यायासनावर बसला. नात्सींच्या वकिलांनी गुप्त कराराचा विषय काढायचा प्रयत्न केला तर तो दाबला गेला. कातिनचा आरोप सोव्हिएत बाजूने उलट जर्मनांवरच ठेवला. निकालपत्रात त्याचा उल्लेखही आला नाही.

न्युरेंबर्गला पोकळ म्हणणाऱ्यांतला मी नाही. तिथेच नंतर अमेरिकन न्यायालयापुढे एसएसच्या वंश आणि वसाहत खात्याच्या व त्याच्याशी जोडलेल्या संस्थांच्या चौदा जणांवर खटला चालला, आणि परक्या मुलांचं अपहरण हा त्यातला ठळक आरोप होता. नात्सींनी पोलंडातून गोरी, निळ्या डोळ्यांची मुलं निवडून नेली, त्यांची नावं बदलली, भाषा मोडली, जर्मन घरांत वाटली. पोलंड हा आकडा दोन लाखांपर्यंत सांगतो. १० मार्च १९४८ ला निकाल लागला. मूल पळवलं म्हणून राज्यकर्त्याला पिंजऱ्यात उभं करता येतं, हे तिथे दिसलं. पण एकाच देशातून, एकाच युद्धात, दोन बाजूंनी मुलं नेली गेली होती, आणि जाब एका बाजूलाच विचारला गेला.

मुलांच्या आणि कायद्याच्या गाठीभेटीत ल्वूवच्या विद्यापीठात शिकलेल्या एका वकिलाचं नाव घ्यावंच लागतं. राफाल लेम्किन, पोलिश ज्यू. वंशसंहारासाठीचा इंग्रजी शब्द १९४४ मध्ये त्यांनीच घडवला. त्यांच्या आटापिट्यातून ९ डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहारविरोधी करार मंजूर केला. त्याच्या दुसऱ्या कलमात पाच कृत्यं आहेत आणि पाचवं आहे एका समूहाची मुलं बळजबरीने दुसऱ्या समूहात नेणं. हे पोटकलम गळण्याच्या बेतात होतं. ग्रीसने आग्रह धरला म्हणून राहिलं, कारण त्याच वर्षी ग्रीसच्या यादवीत हजारो मुलं शेजारच्या देशांत नेली गेली होती. पण त्याच मसुद्यातून 'राजकीय समूह' हे शब्द काढून टाकले गेले. सोव्हिएत संघाचा त्याला ठाम विरोध होता. वळिवड्याच्या मुलांच्या नावापुढे सोव्हिएत कागदांत काय लिहिलेलं होतं? वसाहतवाल्याचं कुटुंब, शत्रूचं कुटुंब. पोलिश म्हणून नेलं असं कागद कुठे म्हणतच नव्हता. जाळं विणलं, पण भोक नेमकं तिथेच ठेवलं.

वर चोराच्या उलट्या बोंबा ऐकू आल्या. बालाचडीच्या मुलांना वॉर्साच्या ताब्यात द्यावं लागू नये म्हणून जामसाहेबांनी आणि तिथल्या पाद्र्यांनी त्यांचं पालकत्व कायद्याने घेतलं. ते पाद्री, फादर प्लुता, मुलांतल्या काहींना अमेरिकेत घेऊन गेले, तर कम्युनिस्ट सरकारने त्यांनाच मुलं पळवणारा ठरवलं. १९४९ मध्ये टांगानिकातल्या तेंगेरू छावणीतली शंभरावर मुलं कॅनडाला गेली तेव्हाही हाच आरोप झाला आणि थेट संयुक्त राष्ट्रांपर्यंत गेला. ज्यांनी सैबेरियात नेलं त्यांच्याविरुद्ध एक कागद नाही. ज्यांनी पोटाशी धरलं ते आरोपी.

वळिवड्याची माणसं परत जाणार तरी कुठे? याल्टाच्या बैठकीत त्यांचा मुलूखच सोव्हिएत संघाला देऊन टाकला होता. घर जागेवर होतं, देश सरकला होता. आधी संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थेने, मग आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेने कॅम्प चालवला. १९४७ पासून गाड्या निघू लागल्या. कोणी इंग्लंडला, फौजेतल्या बापाकडे. कोणी पूर्व आफ्रिकेत, कोणी ऑस्ट्रेलियाला. काही जण धीर करून पोलंडला. १९४८ च्या सुरुवातीला बराकी रिकाम्या झाल्या. सत्तरहून अधिक माणसं कोल्हापूरच्या दफनभूमीत राहिली. पाठोपाठ सिंधमधली गाठोडी घेऊन सिंधी कुटुंबं त्याच पडव्यांत आली.

इथे घरचंही बोलायला हवं. परक्यांना जाब विचारायचा आणि आपलं झाकायचं हे बरं नव्हे. फाळणीत पळवलेल्या बायका-मुलांसाठी भारताने १९४९ मध्ये कायदा केला. त्याने माणसं शोधून आणली, पण त्यांची इच्छा विचारली नाही, आणि पळवणाऱ्यांपैकी क्वचितच कोणाला शिक्षा झाली. आमच्या मराठवाड्यात रझाकारांनी जे केलं ते आम्ही दरवर्षी १७ सप्टेंबरला आठवतो, आठवायलाच हवं. पण पोलिस अॅक्शननंतर त्याच मुलखात मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं त्याची पाहणी पंडित सुंदरलाल समितीने केली, २७ ते ४० हजार माणसं मेल्याचा अंदाज दिला, आणि तो अहवाल कित्येक दशकं सरकारी कपाटात पडून राहिला. त्या दिवसांतही कोणीतरी पोरं मोजली असतील, आणि संख्या जुळली नसेल.

पुन्हा पोलंडकडे येतो. पूर्व पोलंडाच्या ज्या भागाला सोव्हिएत संघाने पश्चिम युक्रेन म्हटलं, तिथल्या हद्दपाऱ्या ज्याच्या हाताखाली झाल्या तो इवान सेरोव्ह पुढे केजीबीचा पहिला प्रमुख झाला. १९९० मध्ये म्हातारा होऊन मेला. गुप्त पोलिसांचा त्या वेळचा प्रमुख बेरिया याला १९५३ मध्ये गोळी घातली ती त्याच्याच सोबत्यांनी, वेगळ्याच आरोपांवर. १९९० मध्ये गोर्बाचेव्ह यांनी कातिनची कबुली दिली. मुलांच्या गाड्यांसाठी कोणावरही खटला उभा राहिला नाही.

मग १७ मार्च २०२३ उजाडला. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने व्लादिमीर पुतिन आणि रशियाच्या बालहक्क आयुक्त मारिया ल्वोवा-बेलोवा यांच्यावर अटक वॉरंट काढलं. आरोप: युक्रेनच्या व्याप्त भागातून मुलं बेकायदा हलवणं आणि हद्दपार करणं. नाव पटलेली अशी मुलं १९ हजारांहून अधिक आहेत असं युक्रेन सांगतो. १९४० ची उचल गुपचूप, रात्रीची होती. ही उघड्यावर. मे २०२२ मध्ये अशा मुलांना झटपट रशियन नागरिकत्व देण्याचा हुकूम निघाला. आयुक्तबाईंनी मारियुपोलचा एक मुलगा आपण घरी आणल्याचं टीव्हीवर सांगितलं. १६ जानेवारी १९४३ चं पत्र वाचलेल्या माणसाला या हुकुमाची भाषा ओळखीची वाटते.

वॉरंट निघालं म्हणजे बेडी पडली असं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पुतिन मंगोलियाला गेले. मंगोलिया न्यायालयाचा सदस्य, अटक करणं त्याचं कर्तव्य. त्याने स्वागत केलं. न्यायालयाने कर्तव्य चुकल्याचा ठपका ठेवला, एवढंच. भारत तर सदस्यच नाही. १९९८ मध्ये रोममध्ये आपण मतदानाला तटस्थ राहिलो. तरीही मी त्या वॉरंटला कागद म्हणून सोडून देणार नाही. त्या न्यायालयाच्या कायद्यात या गुन्ह्यांना मुदत नाही. १९४० मध्ये तेवढाही कागद कोणी काढला नव्हता.

२०१९ च्या सप्टेंबरात त्या वेळची काही मुलं वळिवड्याला परत आली होती. स्मारकाचं उद्घाटन होतं, पोलंडचे उपपरराष्ट्रमंत्री आले होते. ज्यांचा जन्मच कॅम्पातला, तेही सत्तरी ओलांडलेले. बाकीचे ऐंशी-नव्वदीचे. ऑगस्ट २०२४ मध्ये आपले पंतप्रधान वॉर्साला गेले, तिथल्या कोल्हापूर स्मारकावर त्यांनी फुलं वाहिली. आभार मानून झाले, आणि ते मानायलाच हवेत. पण या मुलांपैकी एकालाही आजवर कोणत्याही आंतरराष्ट्रीय न्यायालयाने बोलावून विचारलेलं नाही, की बाळ, त्या रात्री काय झालं. वह्या मात्र आहेत. तारीख, डब्यातली माणसं, पावाचे ग्रॅम, भावाचं नाव.